शे म्हणजे घरी

जळगाव
रविवार, २१ जुलै २०२४

मयुरी,

नावाच्या आधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तेसुद्धा शुद्ध नाही. ‘यू’ दीर्घ हवा. तुझ्या जन्मदाखल्यावर कारकुनाने ऱ्हस्व लिहिला आणि तो कायम झाला. तुझ्या नावातली ही एक चूक मी बत्तीस वर्षं सहन केली आहे, एवढं माझ्या बाजूने लक्षात ठेव.

पाच वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही. आजारी पडायला घरात आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि माझं ब्लडप्रेशर एकशे तीस-चौऱ्याऐंशी आहे.

कळवायचं ते असं की मी विद्यापीठात फ्रेंच शिकायला लागलो आहे. एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, अगदी पहिल्या पायरीचा. शनिवार-रविवार अकरा ते एक. अट बारावी पास. माझी दहावी आणि बारावी दोन्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिलेली, तुला आठवत असेल. बारावीच्या निकालाच्या दिवशी तुझ्या आईने शेजारी पेढे वाटले होते आणि लोकांना वाटलं तूच कसल्या तरी परीक्षेत पहिली आलीस.

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, “काका, मुलीला घेऊन या. विद्यार्थ्याची सही समोर लागते.”

मी म्हणालो, “विद्यार्थी समोरच उभा आहे.”

“तुम्ही? कशासाठी?”

मी सांगितलं, धंद्यासाठी. ते खोटं नाही. पूनम नावाच्या बाईंनी टेलरिंगचं दुकान काढलं आणि ‘बुटीक’चा बोर्ड मला सांगितला. मी ऐकलं तसं इंग्रजी अक्षरांत रंगवलं, शेवटी ‘के’ टाकून. ती चूक त्यांच्या बारा वर्षांच्या भाच्याने दाखवली. तिथे क्यू लागतो, यू लागतो, ई लागतो, आणि हे तिन्ही मिळून एका ‘क’चं काम करतात. बोर्ड उतरवला, त्या जागी फ्लेक्स लागला. एकेचाळीस वर्षांच्या कामात माझा उतरवलेला हा पहिला बोर्ड. कागदावरची चूक दोघं पाहतात. बोर्डावरची गाव पाहतं, आणि दहा वर्षं पाहतं. हे तुला मी लहानपणापासून सांगत आलो.

वर्गात आम्ही एकोणीस. अठरा जण वीस-बावीसचे आणि मी. शिकवायला डिंपल मॅडम आहेत, अकोल्याच्या, वय सत्तावीस असेल. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर सगळा वर्ग उभा राहिला. मीच मास्तर असं वाटलं त्यांना. पाचोऱ्याचा तेजस नावाचा एक वात्रट मुलगा आहे, तो म्हणाला, “काका, पुढे बसा, तुमच्या मागे झोपायला बरं.” मी पुढेच बसतो.

मॅडमनी एका परदेशी विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवलेला अभ्यासक्रम दाखवला आहे. आवाज, व्हिडिओ, स्वाध्याय, सगळं आहे. रोज सकाळी साडेसहाला मी कानात वायरी घालून ओट्यावर बसतो. समोरच्या शेवाळेकाकू विचारतात, “कोणाशी बोलता एवढं?” मी सांगतो, रेडिओ आहे.

तुझ्याकडे ही भाषा बोलतात म्हणून मी शिकतोय असा समज करून घेऊ नकोस.

उत्तराची अपेक्षा नाही. पत्ता तोच आहे.

नाना


जळगाव
रविवार, १ सप्टेंबर २०२४

मयुरी,

पहिलं पत्र पोचलं असेल. हेड पोस्टातल्या माणसाने वीस दिवस सांगितले होते, आज बेचाळीस झाले.

त्या अभ्यासक्रमात प्रत्येक पाठाच्या शेवटी स्वाध्याय असतो. उत्तर टाइप करायचं आणि बटण दाबायचं. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली. पहिल्या स्वाध्यायात वीसपैकी चौदा लाल. फोन उपडा ठेवून दिला. मग दुपारी रंगाचे डबे घासता घासता वाटलं की पाहावं तरी. फुलीवर बोट ठेवलं तर खाली दोन शब्द आले, ‘एसेये आंकोर’. पुन्हा करून पाहा. त्याच्याखाली एक त्रिकोण. तो दाबला की एक बाई बरोबर उत्तर म्हणून दाखवते, सावकाश, जितक्या वेळा दाबाल तितक्या वेळा. मी एक वाक्य एकतीस वेळा ऐकलं. तिच्या आवाजात एकदाही कंटाळा आला नाही.

लाल रंग मीही आयुष्यभर वापरला. त्याच्याखाली असा त्रिकोण ठेवायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

भाषा विचित्र आहे. पाच अक्षरं रंगवायची आणि दोनच बोलायची. आपल्याकडे बासष्ट सालच्या नियमांनी न बोलले जाणारे सगळे अनुस्वार पुसून टाकले. मी बोर्ड करायला लागलो तेव्हा म्हातारे गिऱ्हाईक अजून ते टिंब मागायचे. फ्रेंच लोकांनी एकही मुकं अक्षर पुसलेलं नाही. बोलत नाही म्हणून काय झालं, घरातलंच आहे, असा त्यांचा हिशोब दिसतो.

एक विचारायचं होतं. त्यांच्यातही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. त्यू आणि वू. मॅडमना मी विचारलं, मुलगी बापाला काय म्हणते? त्या म्हणाल्या, “त्यू. घरात सगळेच त्यू.” तू आईला तू म्हणायचीस आणि मला तुम्ही. हे मीच लावून दिलं होतं. तू पाच वर्षांची होतीस, एकदा मला म्हणालीस, “नाना, तू जेवला?” दोन चुका एका वाक्यात. मी तुला ते वाक्य दहा वेळा लिहायला लावलं आणि तोपर्यंत जेवण गार झालं. मॅडमचं उत्तर ऐकताना हे आठवलं, म्हणून लिहिलं. दुसरं कारण नाही.

आणखी एक गंमत. या आठवड्यात ‘शे’ शब्द शिकलो. लिहिताना चार अक्षरं, शेवटचं मुकं. अर्थ ‘अमक्याच्या घरी’. शे मुआ म्हणजे माझ्या घरी. शे च्या नंतर ज्याचं घर त्याचं नाव येतं. मॅडमनी फळ्यावर लिहिलं तेव्हा धुळ्याची अलफिया खुदकन हसली आणि मागून तेजस ओरडला, “मॅडम, हा तर आमचा शे शे!” वर्ग हसला. मी हसलो नाही. मी म्हणालो, “त्याचा अर्थ आहे. प्रमाण भाषेत आहे म्हणतात.” मॅडमना काही कळलं नाही. त्यांना मी सांगितलं की आमच्याकडे खेड्यात ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, अहिराणीत, पण त्याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही.

तुमच्याकडे आता थंडी पडायला लागली असेल. नकाशात पाहिलं, तुमचं नांत शहर समुद्राला जवळ आहे.

नाना


जळगाव
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

मयुरी,

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. बुटीकचा बोर्ड खरा आहे, पण त्यासाठी कोणी वर्षभर विद्यापीठात जात नाही.

मला इनेसबद्दल माहीत आहे. सोनगीरला गेलो होतो मे महिन्यात, तेव्हा लोटनमामाने सांगितलं. तुझं त्याच्याशी बोलणं असतं हेही तेव्हा कळलं. तुझा मामा पितळी भांडी ठोकता ठोकता माझ्याकडे न बघताच म्हणाला, “दाजी, तुम्हाला नात शे. चार वर्षांनी व्हयनी.” मी विचारलं, मराठी येतं का तिला? तो म्हणाला, “तुम्ही शिकेल माणूस शेतस, तुम्हीच इचारा.” जूनमध्ये मी फॉर्म भरला. चार वर्षांच्या मुलीला पुरेल इतकं फ्रेंच एका वर्षात येतं का, असं मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “काका, चार वर्षांची मुलं अख्खं बोलतात.”

डिसेंबरात तू तिला घेऊन सोनगीरला येणार आहेस, वीस ते एकतीस. जळगावला येणार नाहीस, हेही मामाने सांगितलं, आणि कारण मी विचारलं नाही. मला ते माहीत आहे. पण मी सोनगीरला यावं की नाही, हे मला माहीत नाही. मला तिला एकदा भेटायचं आहे आणि तिच्याशी चार वाक्यं बोलायची आहेत. मागणी एवढीच.

दसऱ्याला मामाने तिची क्लिप पाठवली. नऊ सेकंद. खिडकीचा पिवळा पडदा हलतो, खालून दोन पाय दिसतात, एकात मोजा आहे, एकात नाही. मग ती पडदा वर करते आणि काहीतरी म्हणते. कपाळ तुझ्या आईचं आहे. मी ते नऊ सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले. माझ्या कानाला आलं ते असं: ‘म्याते शे’. शेवटचा ‘शे’ एकदम स्वच्छ. म्हणजे ‘अमक्याच्या घरी’. पण शे नंतर नाव यायला हवं, आणि क्लिप नेमकी तिथेच संपते. कोणाच्या घरी, ते कापलं गेलंय.

मामाला फोन केला. म्हणालो, शेवट तुटलाय, पुढचं पाठव. तो हसत सुटला. “तुटेल नही, दाजी. बठ्ठं तेच शे. वळखा.”

सगळं तेवढंच आहे म्हणे! त्याला काय कळतंय फ्रेंचमधलं. नाव कापलं गेलंय, हे नक्की. मी मनातल्या मनात तिथे वेगवेगळी नावं लावून पाहतो.

आता ज्याच्याबद्दल लिहायचं मी टाळतो आहे ते. अठरा साली नोव्हेंबरात तू मला हाताने चार पानांचं पत्र लिहिलंस, फोनवर मी बोलू देत नाही म्हणून. मात्यूबद्दल लिहिलं होतंस, लग्नाची तारीख लिहिली होतीस. मी लाल पेन घेऊन बसलो. चौदा चुका निघाल्या. प्रत्येकीला गोल केला, समासात दुरुस्ती लिहिली, शेवटी खाली आकडा टाकला, चौदा, आणि तेच पत्र तुला परत पाठवलं. सोबत एक ओळ नाही. त्या वेळी मला वाटलं होतं की मी फार संयमाने वागलो.

तू लिहिलं होतंस, ‘नाना, तुमचे आशिर्वाद हवे आहेत.’ मी ‘शि’ दीर्घ केली. आशीर्वाद दिला नाही.

नाना


जळगाव
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

मयुरी,

क्लिपचा उलगडा काल झाला. जसा झाला तसा लिहितो.

वर्ग सुटता सुटता मी मॅडमना फोन दिला. त्यांनी तीनदा ऐकलं. म्हणाल्या, “शे तर आहेच. आधीचं काही तरी बालबोली असेल, काका. पण वाक्य शे वर असं संपत नाही.” मी म्हणालो, तेच तर. नाव कापलंय.

तेजस मागून आला. “काका, स्पीकरवर टाका ना, आम्हीपण शिकू.” टाकलं. इनेसने पडदा वर केला, म्हणाली. अलफिया दप्तर भरत होती, ती तशीच थांबली.

“काका, परत लावा.”

लावलं.

“अहो काका, ही फ्रेंच कुठे बोलतेय? ही तर आमच्या मोहल्ल्यातल्या भाजीवाल्या मावशीसारखी बोलतेय. आमची जुबेदादादी पण तिच्याशी असंच बोलते. ‘मी आठे शे.’ मी इथे आहे! लपाछपी खेळतेय ती. फक्त ठ येत नाही तिला, त म्हणते.”

सगळा वर्ग हसला. तेजस बाकावर हात आपटून म्हणाला, “काका, तुम्ही खान्देशी माणूस, अन् अहिराणी शिकायला फ्रेंचचा क्लास लावला!” मॅडम “शांत, शांत” म्हणत होत्या, पण त्यांनाही आवरत नव्हतं. मी फोन खिशात घातला. खिशात तो पुन्हा सुरू झाला. मी आठे शे. मी आठे शे.

तुझ्या मामाने सहा आठवडे मला सांगितलं नाही. तो बरोबर वागला. मला स्वतःला ऐकू यायला हवं होतं. माझी आई पाचोऱ्याला ह्याच भाषेत हाका मारायची. पण मी कान फ्रेंचला लावून बसलो होतो, आणि जो शब्द तीस वर्षं मी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवला, तो फ्रान्सहून येईल असं कसं वाटावं.

तू तिला मराठी शिकवलीस तर ‘आहे’ शिकवशील असं मी धरून चाललो होतो. तू आईची बोली शिकवलीस. त्याचा राग आला नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. थोडा आला, विद्यापीठाच्या गेटपर्यंत. गिरणेच्या पुलावर बस आली तोवर गेला होता.

तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या चार बायकांना पुरेल इतकं बोलायची. मी ‘शे’ची दुरुस्ती करायचो. ‘आहे’ म्हण. ‘माले’ नाही, ‘मला’ म्हण. लोकांचे बोर्ड आपण रंगवतो, घरात अशी भाषा शोभत नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा. ती पहिल्यांदा हसायची, मग थांबून शब्द जुळवायची, मग तिने दोनच शब्द ठेवले, हो आणि नाही. त्यात चूक होत नाही. मी त्याला सुधारणा म्हणायचो.

आता पुढचं. हे मी मामालाही सांगितलेलं नाही.

तुझी आई, शेवंता, धुळ्याला दवाखान्यात नऊ दिवस होती. तुला कळवलं नाही ते मी. मामाला सांगितलं की मी फोन केलाय. केला नव्हता. फोन केला असता तर आधी त्या पत्राबद्दल बोलावं लागलं असतं, आणि मला वाटत होतं की ती बरी होणार आहे, मग तीच बोलेल तुझ्याशी. तुला कळलं ते ती गेल्यावर दोन दिवसांनी. तू मला त्यासाठी माफ करू नकोस. त्यासाठी मी हे लिहीत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी सव्वातीन वाजता तिने डोळे उघडले. मी स्टुलावर होतो. मामा औषध आणायला खाली गेला होता. तिने दाराकडे पाहिलं आणि विचारलं, “मयुरी शे का?”

आणि मी म्हणालो, “आहे.”

मयुरी, मी उत्तर दिलं नव्हतं. मी तिचा शब्द दुरुस्त केला होता. सवयीने. तीस वर्षं जीभ जिकडे वळायची तिकडे वळली. पण तिने ते उत्तर म्हणून घेतलं. तिला वाटलं, तू आलीस, बाहेर आहेस. ती हसली, पदर नीट केला आणि डोळे मिटले. पुन्हा काही बोलली नाही. चार वाजून दहा मिनिटांनी गेली.

लोक मला सांगतात की तिचा चेहरा शांत होता. तो माझ्या एका दुरुस्तीमुळे शांत होता. तिला मी फसवलं, की आयुष्यात एकदा तिला हवं ते दिलं, हे मला पाच वर्षांत ठरवता आलेलं नाही. मला प्रत्येक गोष्टीत बरोबर काय ते माहीत असतं. यात नाही.

सव्वीस डिसेंबरला, गुरुवारी, मी सोनगीरला येईन. नको असेल तर मामाकडे निरोप दे. मी धुळ्याच्या स्टँडवरून परत फिरेन.

नाना


जळगाव
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. मयुरी आणि चि. इनेस,

आशीर्वाद. शी दीर्घ. मात्यूलाही.

तू नांतला पोचलीस असं मामाने कळवलं. दाराच्या आतलं तुला माहीतच आहे. एक तास दहा मिनिटं मी बसलो. तू माझ्याशी सात वाक्यं बोललीस. मी मोजली, कारण मोजल्याशिवाय मला राहता येत नाही. त्यांतलं एक चहाबद्दल होतं, साखर अजून नाहीच ना, असं. एक माझ्या चुकीबद्दल. मी इनेसला पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, मी तुझा आजोबा, आणि ती तोंड उघडं टाकून तुझ्याकडे बघायला लागली. तू चुलीकडे तोंड करूनच म्हणालीस, “नाना, र घशातून काढायचा.” मला वीस वर्षांत कोणी एवढं आपलेपणाने दुरुस्त केलेलं नाही. तू ते तशा अर्थाने म्हणाली नसशील. असो.

तिला माझं फ्रेंच नकोच होतं. ती जवळ येऊन म्हणाली, “तुना दात कोते शे?” मी म्हणालो, “पडी गया.” शब्द कुठून आले मला माहीत नाही. चाळीस वर्षं त्यांना कोणी हाक मारली नव्हती. ती इतकी हसली की तू वळून पाहिलंस. तेवढं एकदाच तू माझ्याकडे सरळ पाहिलंस. ती मला तू म्हणाली, आणि कोणाचंही जेवण गार झालं नाही.

तिच्या नावाची पाटी आणली होती. आठ इंच बाय चार, निळ्यावर पांढरं. ‘इ’ ऱ्हस्व ठेवली, चूक असेल तर सांग. ती पाटी मामाच्या फडताळातच राहिली असं तो म्हणाला. विमानात वजन मोजतात, मला माहीत आहे.

माझं नोव्हेंबरचं पत्र तुला निघण्याआधी मिळालं होतं का, हे मी विचारलं नाही. तूही काही बोलली नाहीस. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. देणार आहे. तेजस म्हणतो, “काका, नापास झालात तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

पण लिहायचं होतं ते दाराच्या बाहेरचं. ते तुला माहीत नाही.

सकाळी सातची बस धरली. पारोळ्यापर्यंत चार फ्रेंच वाक्यं सव्वीस वेळा म्हटली. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. धुळ्याला उतरून मामाला फोन लावला, निरोप आहे का विचारायला. तो म्हणाला, “निरोप नही. हो बी नही, नको बी नही. या.” सोनगीरला अकरा चाळीसला पोचलो. मामा दुकानात होता, ठोकण्याचा आवाज रस्त्यावर येत होता. मी त्याच्याकडे गेलो नाही. सरळ घराकडे आलो.

दार लावलेलं होतं. हिरवा ऑइलपेंट, खालून एक बोट उडालेला. मी पाटी काखेत धरली, केस सारखे केले आणि कडी वाजवली. दोनदा.

आतून पळत येणारे पाय ऐकू आले. दाराच्या पलीकडे, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, आवाज आला, “कोन शे?”

चारही वाक्यं गेली. कोण म्हणून सांगायचं? नाना म्हणावं तर तिला नाना कोण ते माहीत नसणार. आणि जीभ पुन्हा सवयीनेच वळली. मी विचारलं, “मयुरी आहे का?”

आत पाय हलले नाहीत. कपाची बशी कुठे तरी ठेवल्याचा आवाज झाला. मग दाराला तोंड लावल्यासारखा, अगदी जवळून, स्वच्छ:

“शे.”

मयुरी, ती माझा शब्द दुरुस्त करत होती की मला उत्तर देत होती, ते मला कळलं नाही. कोणी ‘आहे’ म्हणालं तर ‘शे’ म्हण, असं तू तिला शिकवलं असशील. किंवा तू खरंच आत होतीस आणि तिने खरं ते सांगितलं. किंवा तिच्या मागे उभं राहून तूच तिच्या कानात सांगितलंस. दार बंद होतं. मला दिसत नव्हतं.

मी ते उत्तरच समजलो. तुझी आई समजली होती तसं.

नंतर कडी निघेपर्यंत किती वेळ गेला, तो मी मोजला नाही.

तुझा
नाना